फाटला आणि फाडला

दाजी आमच्याकडे शेवटचे आले तेव्हा त्यांनी स्टूल मागितलं होतं. नवा चष्मा घ्यायला म्हणून ते सकाळच्या एसटीने श्रीगोंद्याहून आले होते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण दाजींच्या तोंडी नगरच. चष्मा घेऊन ते आमच्या बैठकीच्या खोलीत बसले आणि नव्या काचांमधून एकेक वस्तू बघू लागले. पंखा, पडदे, माझं पोट. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "पाव्हनं, तुमचं घड्याळ मागं चाललंय. स्टूल द्या." मी म्हणालो, "राहू द्या दाजी, पडाल. मी करतो नंतर." माझ्या घरात दुसऱ्या कुणी काही दुरुस्त करायला घेतलं की मला राग येतो, आणि मी नंतर करतो म्हणालो की ते कधीच होत नाही, हे दोन्ही माझ्या बायकोला, मंदाला, पाठ आहे. तिनेच स्वयंपाकघरातून स्टूल आणून दिलं. दाजी वर चढले, घड्याळ काढून तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तसेच उभे राहिले. खिशातली नेहमीची पेन्सिल काढून काहीतरी खूण केली. खिळा ढिला झाला असेल असं मला वाटलं. मी पेपर वाचत होतो. मग घड्याळ जागेवर लावून ते खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "चालतंय."

चहा झाला. निघताना दारात चपला घालता घालता वळून म्हणाले, "भिंत चांगली हाय तुमची. उगा सारखा रंग देत जाऊ नका." मी हसलो. दाजींचं हे असं नेहमीचंच.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सकाळी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. ती फोनवर नेहमी मोठ्याने बोलते, पण त्या दिवशी अगदी हळू म्हणाली, "सोपाना, तुजं दाजी उसात पडल्यात. पानी धराया गेल्ते. उठंनात..." मी पोचलो तेव्हा त्यांना उसातून आणून मळ्यातल्या पत्र्याच्या शेडपुढे ठेवलं होतं. पायांना चिखल होता. नवा चष्मा कुणीतरी पुसून कोनाड्यात ठेवायला निघालं आणि मग तो तसाच हातात घेऊन उभं राहिलं, कारण त्या घराला कोनाडा नव्हता. कोनाड्याला भिंत लागते.

या गोष्टीला दोन महिने होत आले. मी आयुष्यभर नगरच्या कोर्टात कारकून होतो, लोकांचे जबाब लिहून घेतले, त्यामुळे कुणाविषयी काय लिहायचं ते नीट क्रमाने लिहावं असं मला वाटतं. पण या लेखाला चारदा बसलो आणि चारदा उठलो. बसवतच नाही. आज लिहून टाकतो.

गावातल्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दाजींच्या वाट्याला एक खोली आली. ती भावाला देऊन ते अक्काला आणि लहान मुलीला घेऊन मळ्यात राहायला गेले. दोन वर्षांसाठी म्हणून पत्र्याचं शेड टाकलं. त्या शेडमध्ये ते चौदा वर्षं राहिले. मुलीचं लग्नसुद्धा त्याच शेडपुढे मांडव घालून झालं. ऐपत नव्हती अशातली गोष्ट नाही. ऊस होता, विहिरीला पाणी होतं, मनात आणलं असतं तर तिसऱ्या वर्षी घर उभं राहिलं असतं. पण घर कशाचं बांधायचं आणि कसं बांधायचं, हे दाजींचं ठरत नव्हतं.

लोक त्यांना चिकट म्हणत. मीही म्हणत असे. आता म्हणतो, त्यांची भीती खरी होती. आपल्याकडे गावाची जमीन ती पांढरी आणि शेताची ती काळी. पूर्वी माणसं पांढरीत राहायची आणि काळीत राबायची. आता जो तो मळ्यात बंगला बांधतो. दाजी सांगायचे, "पांढरीतलं घर हलत न्हाई, पाव्हनं. काळी जिती आस्ती. पाऊस लागला की फुगती, ऊन लागलं की उलती. तिच्यावर घर ठेवायचं म्हंजे झोपल्याल्या बैलाच्या पाठीवर ताट वाढून ठेवायचं." गावातला जुना गवंडी म्हणे, मुरूम लागेपर्यंत खणा आणि सगळ्या पायात काळा दगड भरा. दाजींनी एका कोपऱ्यात खणून बघितलं, तर पुरुषभर गेले, दोन पुरुष गेले, तरी काळीच. श्रीगोंद्याचा इंजिनीअर म्हणे, एवढं कशाला, पिलर उभे करा, खाली एकमेकांना बीमने बांधून टाका, घर एकसंध राहील. दाजी दोघांचंही ऐकायचे आणि दोघांनाही चहा पाजून परत पाठवायचे.

मग त्यांनी शेडमागे तीन भिंती बांधल्या. घर नाही, नुसत्या तीन भिंती, कमरेएवढ्या उंच, एकमेकींपासून चार-चार पावलांवर. एक लाल विटेची, एक काळ्या दगडाची आणि एक सिमेंटच्या ठोकळ्यांची. म्हणाले, तीन पावसाळे जाऊ द्या, कोनती काय म्हनती बघू. तीनाचे पाच पावसाळे झाले. विटेच्या भिंतीवर कोंबड्या बसायच्या, दगडाच्या भिंतीच्या सावलीला शेळी, आणि ठोकळ्यांच्या भिंतीवर अक्का वाकळ वाळत टाकायची. कुणी नवा माणूस आला की अक्का म्हणे, "माज्या घराला तीन भित्ताडं हायती की, फकस्त येका जागी न्हाईत." लोक हसायचे. तीही हसायची. पण एकदा मी एकटाच असताना ती म्हणाली होती, "मला बंगला नगं, फरशी नगं. खिळा ठोकाया एक भिंत पायजे बघ." तिचं कॅलेंडर लोखंडी अँगलला तारेने बांधलेलं असे. वारं सुटलं की ते पत्र्यावर रात्रंदिवस वाजत राही.

दाजींचं हे वेड त्यांना स्वस्थ बसू देत नसे. लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आधी यजमानांच्या नव्या घराच्या गिलाव्यावर अंगठ्याचं नख ओढून बघत आणि भर मांडवात विचारत, "वाळू कुठली वो ही?" वीट घेतली की दुसऱ्या विटेवर वाजवायची, खणखण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर परत. वाळूची मूठ बाटलीत टाकून पाणी घालून हलवायची आणि वर गाळ किती बसतो ते बघायचं. शेडमधल्या ट्रंकेवर अशा पाच-सात बाटल्या ओळीने असत. अक्का त्यांना देव म्हणे.

आणि मी? मी आठ महिन्यांत घर बांधलं. नगरच्या कडेला नवे प्लॉट पडले होते, पूर्वीचं ज्वारीचं रान, तीच काळी जमीन. पिलरचं घर. दाजी तेव्हा दर आठवड्याला फोन करत, "पाव्हनं, पानी मारलं का?" सिमेंटचं काम झालं की त्यावर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. मी म्हणायचो, मारलं. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला होता, रंगारी खोळंबले होते. मी काही सगळे दिवस पाणी मारलं नाही. जोत्यात भरायला मुरूम आणायचा, तर खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत आत ढकलली. दुसऱ्या पावसाळ्यात बैठकीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली ती तिरपी थेट वर स्लॅबपर्यंत. मी ती लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवली, पुढच्या वर्षी पुन्हा आली. वरचं टोक दिसू नये म्हणून मंदाने तिथे घड्याळ लावलं.

दाजी एका पाडव्याला भाऊबिजेच्या आदल्या दिवशी अक्काला घेऊन आले. भेगेपुढे असे उभे राहिले, जसा माणूस दवाखान्यात खाटेपुढे उभा राहतो. मग मंदाकडून कागद आणि कणकेची खळ मागितली. बोटभर रुंदीची पट्टी कापून भेगेवर आडवी चिकटवली आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं, पाडवा. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "भेग दोन जातीची आस्ती. येक जिती, येक मेलेली. मेलेल्या भेगंला भ्यायचं न्हाई. घर एकदा बसतं, अंग मोडून घेतं आन गप होतं. पर जिती आसंल तर ती कागद फाडल. पाऊस, थंडी, ऊन, सगळं वर्ष जाऊ द्या. हा कागद साबूत राहिला, तर काळीत पिलरचं घर टिकतंय म्हनायचं. मंग मीबी धरतो काम." अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "सोपाना, जप रं त्याला." आम्ही सगळे हसलो.

तो कागद नंतर माझ्या डोळ्यांत सलायला लागला. जो येईल तो विचारी, हे काय चिकटवलंय? शेजारी, ऑफिसातले, गॅसवाला. मग मला भेगेची सगळी कुळकथा सांगावी लागे, आणि आठ महिन्यांत घर बांधल्याची जी फुशारकी मी मारलेली होती ती त्या बोटभर पट्टीने खाली यायची. पावसाळा गेला. नवरात्रात माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. बैठकीत त्यांच्या डोळ्यांसमोर ही पट्टी कशी ठेवायची? आदल्या दिवशी मी नखाने ती ओढून काढली. अख्खी होती. मला चांगलं आठवतं, कारण तिला फाडायला जोर लावावा लागला. रंगाऱ्याला सांगितलं, खालचा एवढाच पट्टा मारून घे, घड्याळ काढत बसू नकोस. वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते.

दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. मुलीचं कसं झालं, पाहुणे काय म्हणाले, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "कागद काय म्हनतोय?" आणि मी म्हणालो, "फाटला, दाजी."

कोर्टात एका अक्षरावर किती काय अवलंबून असतं हे मी तीस वर्षं बघितलंय. दस्त फाटला म्हणजे जुना झाला, घडीवर विरला, कुणाचा दोष नाही. दस्त फाडला म्हणजे कुणीतरी फाडला, आणि मग त्याचं नाव सांगावं लागतं. साक्षीदार गडबडला तर मी साहेबांच्या आधी थांबवून विचारत असे, "नीट सांगा, फाटला की फाडला?" तोच मी. फोनवर दाजी म्हणाले, "फाटला? भेगंवरनंच?" मी म्हणालो, "हां." ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. मी खोटं बोलत नव्हतो, नुसता विषय संपवत होतो, अशी मी माझी समजूत घातली. तेव्हा ती पटलीसुद्धा.

पुढची दोन वर्षं दाजींनी घराचा विषय काढला नाही. मी मळ्यात गेलो की अक्का भजी करायची, पत्र्याखाली घामाघूम होऊन आम्ही ती खायचो. मीच वर तोंड करून म्हणायचो, "दाजी, कधी बांधताय घर? अक्काने काय म्हातारपणीसुद्धा इथंच भाजून निघायचं का?" ते मान हलवत आणि म्हणत, "काळी जिती हाय, पाव्हनं." अक्का पुढचा घाणा कढईत सोडायची.

दहाव्याला मळ्यात गेलो तेव्हा शेडच्या पलीकडे जमिनीवर पांढऱ्या रेघा दिसल्या. फक्की मारलेली होती. पाया कुठून खणायचा त्या रेघा पांढऱ्या भुकटीने आखतात तशा. चार खोल्या, पुढे ओटा, पिलरच्या जागी चौकोन. पुसट झाल्या होत्या, तरी दहाव्याला आलेली माणसं त्या रेघांवर पाय देत नव्हती. वळसा घालून, जिथे दार सोडलं होतं तिथूनच आत-बाहेर करत होती. अक्का मला तिथे घेऊन गेली. म्हणाली, "नगरवरनं चष्मा घिऊन आलं आन दुसऱ्या दिशी दोरी लावाया बसलं. म्हनलं, आवो, आज काय झालं? तर म्हनलं, आता भ्याचं कारन न्हाई, यंदा पाया खांदू. चौदा वर्सं न्हाई म्हनल्याला मानूस. तुज्याकडं आसं काय बघितलं रं त्येंनी?" मी म्हणालो, "काही नाही गं. घड्याळ नीट केलं, चहा घेतला, गेले." शेडमध्ये दाजींचा हार घातलेला फोटो ट्रंकेवर, वाळूच्या बाटल्यांना टेकवून ठेवला होता. टांगायला जागा नव्हती.

तिचा प्रश्न माझ्या मागे लागला. घरी आलो तरी खोल्यांमधून येरझाऱ्या घालायचो, मंदा म्हणायची, जरा एका जागी बसा. काय बघितलं त्यांनी? चष्मा बघितला, पंखा बघितला, मला पेपर वाचताना बघितलं. मध्यंतरी एका दुपारी घड्याळ बंद पडलं. सेल संपला असणार. या वेळी दुसरं कुणी चढणारं नव्हतं. मी स्टूल घेतलं, वर चढलो, घड्याळ काढलं.

मागे कागद होता. बोटभर रुंदीची पट्टी, भेगेवर आडवी चिकटवलेली, कडेला पिवळी पडलेली. रंगाऱ्याचा ब्रश तिथवर गेलाच नव्हता, मीच तर तसं सांगितलं होतं. म्हणजे त्या पाडव्याला, आम्ही चहाच्या गडबडीत असताना, दाजींनी एक पट्टी खाली लावली होती आणि एक वर, घड्याळामागे. वीटसुद्धा ते कधी एक वाजवून घेत नसत, दोन घेत. पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, पाडवा. आणि त्याखाली, ताज्या, ठळक अक्षरांत, नव्या चष्म्याच्या दिवशी लिहिलेलं: बघितला. साबूत हाय.

मी किती वेळ स्टुलावर होतो कोण जाणे. मंदा खालून विचारत होती, काय झालं, चक्कर येतेय का. चक्कर नव्हती, मला लाज वाटत होती. डोळ्यांपासून दोन बोटांच्या अंतरावर, माझ्याच भिंतीवर, माझं खोटं त्यांनी वाचलं होतं. खालची पट्टी भेगेने फाडली असती तर वरची उरली नसती, एवढं त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? आणि मग खाली उतरून ते काय म्हणाले? चालतंय. भिंत चांगली हाय, उगा रंग देत जाऊ नका. एवढीच शिक्षा. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, दाजी, खरंच बरं झालं असतं...

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलो. अक्का विटेच्या भिंतीवर धुणं टाकत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "अक्का, तो कागद फाटला नव्हता. मी फाडला होता." तिला आधी कळलं नाही. मग सगळं सांगितलं, घड्याळामागचंसुद्धा. तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. म्हणाली, "दोन उन्हाळं. दोन उन्हाळं मी ह्या पत्र्याखाली काडलं, सोपाना. आन तू हितं येऊन भजी खाऊन गेलास." मग म्हणाली, "त्येंनी मला का सांगितलं न्हाई?" आणि मग स्वतःच, लुगडं झटकत, "तू माजा भाऊ म्हनून आसंल." ती आत गेली. मी बाहेर कोंबड्यांमध्ये बसून राहिलो. मला वाटलं आता ती येणारच नाही.

आली ती चहा न घेताच. फक्कीच्या रेघांपाशी जाऊन उभी राहिली. "पिलरचंच धरायचं," ती म्हणाली. "त्येंनी आखलंय तसंच. जोत्यात काळी भरू द्याची न्हाई, मुरूमच. भिंत विटंची." मी विचारलं, विटेचीच का. म्हणाली, "काल तिन्हीत खिळा ठोकून बघितला. दगडात शिरत न्हाई, ठोकळा टिचला. विटंत बसला." पाच पावसाळ्यांत दाजींना हे सुचलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आन पानी तू माराचं. रोज, दोन टाइम. पायापासनं सलाबापतुर. नगरवरनं यिऊन जाऊन न्हाई जमायचं. हितंच ऱ्हायचं, पत्र्याखाली. चैत-वैशाख हितंच काडायचा."

मी हो म्हणालो. परवा निघायचं आहे, मंदाने पिशवी भरून ठेवली आहे. अक्काने मला माफ केलंय की नाही ते मला माहीत नाही, विचारायची छाती नाही.

घड्याळात नवा सेल घातलाय, पण ते मी परत भिंतीवर लावलेलं नाही. टीव्हीशेजारी टेबलावर ठेवलंय. बैठकीत शिरलं की समोर आता ती भेग दिसते आणि तिच्यावर पिवळी पडलेली बोटभर पट्टी. येणारा प्रत्येक जण विचारतो. काल गॅसवाल्यानेही विचारलं, काका, हा कागद कसला? मी म्हणालो, बस, सांगतो. दोन होते. एक आमच्या दाजींनी ठेवलाय, आणि एक मी फाडला.